वासराचं टिंब

मामंजी गेल्यापासून त्यांची वॅगन दोन वर्षं पडवीत उभी होती. तिच्या टपावर आम्ही वाल वाळत घालायचो, आणि पुढच्या सीटवर खुडुक बसलेली शेजारच्या मार्सेलची कोंबडी मी स्वतः दोनदा उठवली आहे.

एक गोरा साहेब मुलूख सोडून गेला तेव्हा मामंजींनी ती गाडी त्याच्याकडून घेतली. पुढचा भाग लोखंडी, मागचं अर्धं अंग लाकडाचं, बसायला तीन रांगा. सकाळी तिच्यातून फुलांच्या आणि विड्याच्या पानांच्या करंड्या नालासोपाऱ्याच्या स्टेशनात जायच्या आणि सणावारी आम्ही सगळी घरची माणसं. तगरीचा नि चाफ्याचा वास तिच्या लाकडात कायमचा मुरला होता. माझी एकुलती एक मुलगी मालन लग्न होईपर्यंत तिच्या मागच्या फळीवर पाय हलवत बसायची. मामंजी गाडी नेहमी उलटी आत घ्यायचे, तोंड रस्त्याकडे. म्हणायचे, निघताना वेळ जायला नको.

निर्मळमध्ये आमच्या वाडीला तळ्याकडून एक वाट येते, तिच्याच टोकाला ही पडवी. पहाटे न्हाऊन मी अंगणात तेहतीस गोपद्मं काढते, देवाला दिवा लावते, मग चुलीकडे जाते. चातुर्मासात गोपद्मांचं व्रत पुष्कळजणी करतात. मला सवय लागली ती सुटली नाही. मी बारा महिने काढते.

गाडी पुन्हा चालू करायची ठरलं ते मालनसाठी. तिची आधीची दोन गेली होती. पहिलं सासरीच, सातव्यात. दुसऱ्या वेळी ती माझ्याकडे होती. कळा सुरू झाल्या, बैलगाडी जोडली, आणि गासच्या पुढे चाक रुतलं. वसईच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला काही सांगितलं नाही, नुसता खांद्यावर हात ठेवला. आता तिसऱ्यांदा दिवस होते, पौषात भरणार होते.

भाद्रपदात एकदा जेवता जेवता हे म्हणाले, "पौषाच्या आत गाडी रस्त्यावर आली पाहिजे. मागल्यासारखं पुन्हा मला बघवणार नाही."

चातुर्मासात मी मौनाने जेवते, त्यामुळे काही बोलले नाही. पण दुसऱ्या दिवशी वॉल्टरला निरोप मीच धाडला.

वॉल्टर गिरीजचा. लढाईत पलटणीच्या मोटारी दुरुस्त करून आला होता. त्याने दोन दिवस गाडीखाली पडून काढले आणि तिसऱ्या दिवशी ओटीवर चहा पीत म्हणाला, "काकी, गाडी मेली नाय. तिचे तीन अवयव मेलेत. पाण्याचा पंप, मागच्या दाराची कडी नि ब्रेकचा सिलिंडर."

"मग नवे आण की," हे म्हणाले.

"नवे कुठले भाऊ? जुन्या बाजारात शोधायचे. नि तिथे लबाडी अशी, की कंपनीने दर साली थोडंथोडं बदललंय. वरून बघाल तर जुळे भाऊ. बसवायला जाल तर एक भोक इकडे नि दुसरं तिकडे. छत्तीसचा पंप सदतीसला बसत नाय."

"आपली कुठल्या सालची?"

"ते देवालाच ठाऊक. पाटी गंजून गेली. म्हणून जो तो भाग काढायचा नि त्याच्यावरचा आकडा वाचायचा. पण आकडाबी झिजलाय."

मी आतून म्हटलं, "बघू तरी."

पंप त्याने माझ्यापुढे ठेवला. मी तो रॉकेलने धुतला, पुसला, आणि आकड्याची जागा वाटली तिथे चिमूटभर रांगोळी टाकून बोटाने चोळली. मग ओल्या फडक्याने वरची अलगद उचलली. झिजलेल्या खाचांत रांगोळी राहिली आणि काळ्या लोखंडावर पांढरे आकडे उभे राहिले. वॉल्टर कप खाली ठेवून बघतच राहिला. मग भोकांची मापं. गेरू कालवून पंपाच्या बसकणीला लावला आणि कागदावर ठसा घेतला, लक्ष्मीची पावलं उमटवतो तसा. सगळी भोकं जिथल्या तिथे.

"काकी," वॉल्टर म्हणाला, "पलटणीत असता तर तुम्ही सुभेदार नि मी तुमच्या हाताखाली."

नमुना मुंबईला न्यायचा होता तो शत्रुघ्नने. तो मिठागराकडचा, रोज सकाळच्या गाडीने आमच्या करंड्या दादरला पोचवायचा. त्याने पंप हातात घेऊन पाहिला.

"वैनी, ह्यो धोंडा मोगऱ्यात ठेवू? फुलं काय म्हनतील?"

"पानांत ठेव," मी म्हटलं. "आणि नमुना परत आण हो. दुकानदार ठेवून घेतात."

"ठेवून घेतात नि दुसऱ्याचाच सडका गळ्यात मारतात," वॉल्टर म्हणाला. "कायतरी खूण करा त्याला."

मी पोती शिवायचं दाभण घेतलं आणि पंपाच्या आतल्या बाजूला एक गोपद्म कोरलं. गाईच्या खुराचं चित्र, बदामाच्या दोन फाका शेजारी शेजारी. माझ्या गोपद्माला खाली एक टिंब असतं. ते वासराचं. सासूबाई तसं काढायच्या. आजूबाजूच्या कुठल्याही अंगणात मी ते पाहिलेलं नाही. त्या म्हणायच्या, गाय एकटी काढू नये.

दसऱ्याच्या तीन दिवस आधी शत्रुघ्न दोन पंप घेऊन आला. एक आमचा फुटका, एक दुकानातला. दुकान लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत होतं. "गोनीत हात घातला नि पयलाच निघाला बगा," तो म्हणाला. "दुकानदार बोलला, बरेच साल पडून आहे."

वॉल्टरने ठशाचा कागद दुकानातल्या पंपावर धरला. भोकाला भोक लागलं. मी रांगोळी चोळली. आकडा तोच. खरं तर तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण हात लागलाच आहे तर आतूनही पुसून घ्यावा म्हणून मी पंप उलटा केला, आणि रांगोळीचं बोट आत फिरलं.

आत गोपद्म होतं. खाली टिंब.

"हा आपलाच," मी म्हटलं. "बदलाबदल झाली."

वॉल्टरने दुसरा उचलला. त्याच्यातही होतं. माझं ताजं, कडा चकचकीत. आणि दुकानातल्याचं जुनं. खाचांत काळं तेल बसून दगडासारखं झालेलं, कडा गुळगुळीत.

"दुकानदाराने तुझी खूण बघून काढली असेल," हे म्हणाले.

"आणि आठवड्यात गंजवली?" वॉल्टरने विचारलं. मग त्याने खांदे उडवले आणि पंप बसवायला घेतला. तो बरोब्बर बसला. इंजिन चालू झालं तेव्हा वाडीतले सगळे कावळे उडाले, आणि सातव्या महिन्यात माहेरी आलेली मालन टाळ्या वाजवत अंगणात आली. तिला तसं हसताना मी दोन वर्षांनी पाहिलं. गोपद्माचा विचार मी तिथल्या तिथे टाकून दिला. खंडेनवमीला गाडीला झेंडू वाहिले, तिच्या दाराला नि चाकाला हळदकुंकवाची बोटं लावली.

मागच्या दाराची कडी पितळेची. ती पाठवताना मी मुद्दाम खूण केली नाही. दाभण हातात घेतलं होतं, तेही ठेवून दिलं.

दुकानातली कडी आली. चिंचेने घासली तर तिच्या मागच्या अंगावर गोपद्म, खाली टिंब. आणि मुठीच्या सांध्यात काहीतरी लाल घट्ट बसलं होतं, ते मी सुईने उकरलं. हळदकुंकू होतं. थरावर थर. लाल, पिवळा, लाल, पिवळा. दर वर्षीचा एक. मी नऊ मोजले आणि पुढे मोजलं नाही. गाडी आमच्याकडे येऊनच सहा वर्षं झाली होती.

"अशी वॅगन वसईत दुसरी कुणाकडे आहे का रे?" मी वॉल्टरला विचारलं.

"असती तर मला सापडली नसती? विरारपासून किल्ल्यापर्यंत ही एकच." त्याने कडी उलटसुलट केली. "का?"

"काही नाही."

शत्रुघ्नला मी सांगितलं, दुकानदाराला विचार, ही गोणी आली कुठून. तो विचारून आला. "बोलला, गाडी मोडीत निघालेली. वसईकडचीच. दुकानाच्या पयल्या मालकाच्या वखारीतून गोनी त्याच्याकडे आली, त्याला जास्ती ठाव नाय."

मी रोजची पोथी वाचते, रोज देवापुढे बसते, आणि माझं डोकं ठिकाणावर आहे. जे दिसलं ते मी वॉल्टरसारखंच मांडून पाहिलं. आकडा तोच, भोकं तीच, खूण माझ्या हातची. म्हणजे भाग आमच्याच गाडीचे. फक्त अजून पुढे कधीतरी, आमची गाडी मोडीत निघाल्यावर निघालेले. हे असं होत नाही, हे मलाही कळत होतं. पण वॉल्टरनेच शिकवलं होतं की वरून काय दिसतं त्यावर जायचं नाही, ठसा जुळतो की नाही तेवढं बघायचं.

आणि मग मी ते केलं, जे करायला नको होतं.

कार्तिक वद्य एकादशीला आमच्याकडे जत्रा. मी उपाशी, अनवाणी तळ्यावरच्या देवळात गेले आणि नवस बोलले. मालन सुखरूप सुटली, बाळ हाती लागलं, तर बारशाच्या दिवशी गाडीच्या हाताला लागेल त्या प्रत्येक भागावर मी गोपद्माशेजारी एक पाळणा कोरीन. दोन उभ्या रेघा आणि मध्ये झोळी.

नवस बोलताना माझ्या मनात कपट होतं, ते इथे लपवत नाही. मी आयुष्यात बोललेला एकही नवस चुकवलेला नाही. मालन सुखरूप सुटली तर मी पाळणा कोरणारच. आणि मी कोरला असेन, तर गोणीतून निघणाऱ्या भागावर तो असणारच. देवाला कौल लावायची आमच्यात रीत आहे. मी लोखंडाला लावला.

ब्रेकचा सिलिंडर दुसऱ्याच दिवशी पाठवला. शत्रुघ्न पंचवीस दिवसांनी दुसरा घेऊन आला. हे वाडीत गेले होते, मालन आत झोपली होती. मी ओटीवर पाट मांडून बसले. रॉकेलने धुतला. पुसला. रांगोळी टाकली.

आकडा आला. तोच.

बाजूला गोपद्म आलं.

मी पुन्हा चोळलं. चारी बाजूंनी चोळलं. पाळणा नव्हता.

मग मी गोपद्माकडे नीट पाहिलं. फाका दोन्ही होत्या. खाली टिंब नव्हतं. टिंबाच्या जागी लोखंड खरवडलेलं होतं, नखाएवढ्या जागेत, उभं नि आडवं, कुणीतरी पुन्हा पुन्हा खरवडल्यासारखं. सासूबाईंनी जे काढू नये म्हणून सांगितलं होतं, ते होतं. एकटी गाय.

पंप आणि कडी मला आठवली. त्यांच्यावर टिंब होतं. पंप इंजिनात खोल असतो, कडीची पाठ दाराच्या आत. जिने हे खरवडलं, तिचा हात तिथे पोचला नसेल.

"काय गं, जुळला का?" हे वाडीतून येत म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्याशी खोटं बोलले. "एक भोक चुकतंय."

सिलिंडर मी तांदळाच्या कणगीत खोल पुरला. पौष आठ दिवसांवर आला होता.

वॉल्टरला एकट्याला गाठून मी खरं सांगितलं. कौलाचं नाही, एवढंच की भाग जुळतो, पण तो मला बसवायचा नाही. तो टोपी हातात फिरवत बसला.

"काकी, तो नसेल तर ब्रेक नाय. ब्रेक नसेल तर गाडी म्हणजे ओटाच. दुसऱ्या सालचा सिलिंडर ठोकून बसवीन मी, पण तुमच्या मालनला त्यात बसवणार नाय."

"मालन गाडीत बसायची नाही," मी म्हटलं. "कुठल्याच गाडीत ऐनवेळी बसायची नाही. तिला आत्ताच वसईला नेऊन ठेवते. तुझी मावशी दवाखान्याच्या मागेच राहते ना?"

"बेला मावशी? तिच्याकडे?" तो हसायला लागला. "तुमचं सोवळं?"

"माझी चूल मी अंगणात मांडीन. तिला माझं नि मला तिचं बघायला नको."

हे पुष्कळ चिडले. महिनाभर परक्याच्या घरी, तेही गाडी दारात असताना. "तुला झालंय तरी काय?" म्हणाले. मी माझ्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, "मला वाईट स्वप्न पडलं." स्वप्नाला हे मान देतात. दुसऱ्या दिवशी भर उन्हात, टांग्याने, सावकाश, आम्ही वसईला गेलो. बेलाबाय दारातच उभी होती. मालनच्या पोटाकडे बघून म्हणाली, "ये गो माझी बाय, पोरगाच हाय तुला, चालण्यावरनं सांगते." आणि मला म्हणाली, "तू बाहेर चूल मांड, मी आतून वास घेईन."

पौष वद्य पंचमीला पहाटे कळा सुरू झाल्या. दवाखाना साठ पावलांवर. मालन चालत गेली, माझा हात धरून. सकाळी दहाच्या सुमारास मूल रडल्याचा आवाज आला. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, आणि ह्या वेळी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. त्या हसल्या.

मुलगा. सुखरूप. मालनही.

मी जमिनीला डोकं टेकलं. त्या क्षणी मला वाटलं, लोखंड खोटं बोललं.

दुपारी जुनी मऊ लुगडी, ओवा, बाळंतशेपा आणायला मी टांग्याने एकटीच घरी आले. हे मालनजवळ थांबले. वाडीत माणूस नव्हतं. पडवीवरून जाताना मी थांबले.

गाडीचं तोंड भिंतीकडे होतं.

भरधाव आल्यासारखी ती सरळ आत घुसलेली होती. पुढचा दिवा कोपऱ्यातल्या टोपल्यांत रुतला होता. चाकांना ओला चिखल होता. आमच्या वाटेवर धूळ होती, पौषाची, पायाला ऊन लागणारी.

मी हात पुढे केला आणि पत्र्यावर ठेवला. गरम होता.

वाकून पाहिलं. ब्रेकचा सिलिंडर जागेवर बसलेला होता. तेलाने ओला.

घरात गेले, कणगीत हात घातला. तांदळात त्याच्या आकाराचा खळगा होता. दाण्यांना रॉकेलचा वास.

मागचं दार उघडंच होतं.

मधल्या सीटवर कुणी नव्हतं. सीट ओली होती. पाणी नव्हतं ते. कोमट होतं. फुलांच्या त्या जुन्या वासात बाळंतिणीच्या खोलीचा वास होता, रक्ताचा आणि घामाचा, आणि त्याच्या खाली एक अगदी बारीक, गार वास. गेल्या खेपेला बैलगाडीत तो मी ओळखला होता.

सीटच्या काठावर चार बोटांचे ठसे उमटलेले होते. मी माझा हात त्यावर ठेवला नाही. जुळेल की नाही, बघायचं नव्हतं.

मी बादली आणली. गोमूत्र घातलं, हळद घातली, सीट पुसली. पाणी तीनदा बदललं. माझं तोंड रिकामं होतं, स्तोत्रसुद्धा आठवेना. पुसून झाल्यावर मी निघायला हवं होतं. पण मला वाटलं, इथे जी कुणी बसून राहिली आहे, तिला काहीच न सांगता जाणं बरं नव्हे. ती माझ्यासारखीच कुणीतरी होती. तिने नवस बोलला होता आणि तिला तो फेडायला मिळाला नव्हता.

मी दाराच्या चौकटीला हात लावून हळूच सांगितलं, "बाळ झालं हो. मुलगा आहे. छान आहे. बाराव्या दिवशी घरी आणणार आहोत."

पडवीत काही हललं नाही. फक्त इंजिन निवताना पत्रा वाजतो तसा एकदा वाजला.

गाडी कुणी फिरवली, हे वॉल्टरला विचारून ह्यांचा घसा बसला. तो क्रुसावर हात ठेवून सांगत होता की तो त्या दिवशी वांद्र्याला होता. शेवटी दोघांनी तो विषय सोडला. सिलिंडर आपसूक जागेवर बसला, हे काही माणूस मानत नाही. माणूस मानतो की दुसऱ्याने बसवला. गाडी आता ठीक चालते आहे, तर बाळाला तिच्यातूनच आणू, असं ह्यांचं म्हणणं पडलं. मी टांगा सांगून ठेवला होता. बाळ टांग्यातून आलं.

बारसं तेराव्या दिवशी संध्याकाळी चारला होतं. त्या दिवशी सकाळी गोपद्मं काढून झाल्यावर मी दाभण घेऊन पडवीत गेले. नवस तो नवस. दारांच्या कड्या, दिव्यांच्या कडा, चाकांच्या टोप्या, सीटच्या पट्ट्या, इंजिनावर हात पोचेल तेवढं. गोपद्म, टिंब, पाळणा. सिलिंडरच्या खरवडलेल्या जागेवर मी टिंब पुन्हा काढलं आणि शेजारी पाळणा कोरला. बोटं सोलली. एकवीस झाले तेव्हा दुपारचं ऊन पडवीत आलं होतं. मन हलकं झालं. म्हटलं, झालं. आता तिचंही फिटलं.

हात धुऊन मी माजघरात आले. पेटीवर मी कालच शिवलेलं अंगडं होतं. मामंजींच्या जुन्या धोतराचं, झोळीसारखं मऊ, पांढरंशुभ्र. शेवटचा बंद शिवताना पांढरा दोरा संपला म्हणून तेवढा एक हिरव्या दोऱ्याने शिवला होता. ते घेऊन मी मालनच्या खोलीत गेले.

शेगडीवर ओव्याची धुरी चालू होती. मालन उशीला टेकून बसली होती, तिच्या चेहऱ्यावर झोप होती आणि समाधान होतं. बाळ तिच्याजवळ दुपट्यावर निजलं होतं.

"उठव त्याला," मी म्हटलं. "अंगडं घालते. बायका येतील आता."

मालन माझ्याकडे बघून हसली. "आई, विसरायला लागलीस का? मघाशीच घातलंस की."

"मी?"

"मग कोण? मी डोळे उघडले तर तू त्याचे बंद बांधत होतीस. त्याला हूं नाही की चूं नाही, टकामका बघत होता तुझ्याकडे. किती वेळ नुसती उभी होतीस. बस म्हटलं तरी बसली नाहीस. आणि काय गं, तेव्हा रडत होतीस ना तू?"

मी दुपट्याचं टोक बाजूला केलं.

बाळाच्या अंगात अंगडं होतं. धोतराचं. माझ्याच हातचे टाके, गळ्याला दुहेरी, काखेत तिरके. शेवटचा बंद हिरव्या दोऱ्याचा. माझ्या हातातलं पांढरं होतं, हे पिवळं पडलेलं होतं, वर्षानुवर्षं पेटीच्या तळाशी राहिलेल्या कापडासारखं, आणि त्याला कापराचा वास होता.

मी खाली वाकून पाहिलं. दुधाचा डाग नव्हता. तेलाचा नव्हता. ते कुणाच्याही अंगाला कधी लागलेलं नव्हतं. नुसतं उलगडून पुन्हा घडी घातलेलं होतं, पुन्हा उलगडून पुन्हा घडी. इतक्या वेळा, की घड्यांच्या रेघांवर कापड विरून गेलं होतं, आणि त्या विरलेल्या रेघांतून बाळाची छाती खाली-वर होताना दिसत होती.